माहेरी नेलेला नळ

लोक सहलीला जाताना कॅमेरा नेतात, दुर्बीण नेतात, फार तर घरचा चिवडा नेतात. आम्ही बेळगावला नळ घेऊन गेलो. नळाखाली बेसिन, बेसिनखाली पंप, पंपाच्या मागं पाण्याची टाकी, कोपऱ्यात पडद्याआड छोटा संडास आणि हा सगळा संसार पाठीवर घेतलेली एक जुनी पिकअप. गाडीवरची पत्र्याची खोली मी चिंचवडच्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतली, पण पाण्याचं काम कुणाच्या हाती दिलं नाही. आयुष्यभर कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात बसून दुसऱ्यांनी बनवायच्या वस्तूंची चित्रं काढली. एक तरी वस्तू आपल्या हातानं करावी, अशी हौस होती. ही हौस किती ओली असते ते पुढं येईलच.

सोसायटीतल्या लोकांनी गाडीभोवती फेऱ्या मारून निदान केलं की रिटायर झाल्यावर काही माणसं अध्यात्माकडं वळतात, काही प्लंबिंगकडं. मी ते खोडून काढलं नाही, कारण खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. म्हणजे माझं नव्हतं, शालनचं होतं. आता तिनंच 'लिहा' म्हटलंय म्हणून लिहितो.

शालन माझी बायको, माहेर बेळगावजवळच्या कंग्राळीचं. दोन वर्षांपूर्वी तिच्या मोठ्या आतड्यातली वाईट गाठ काढली. गाठ गेली, पण जाताना नेहमीची वाटही बंद करून गेली. डॉक्टरांनी पोटावर डाव्या बाजूला आतड्याचं तोंड काढलं आणि त्यावर पिशवी चिकटवायला शिकवलं. जे व्हायचं ते त्या पिशवीत होतं, आणि आपल्या नव्हे, आतड्याच्या मर्जीनं होतं. कधी आवाजही होतो, तोही त्याच्याच मर्जीनं. पिशवी रिकामी करायला आडोसा लागतो आणि हाताशी वाहतं पाणी लागतं. घरी दोन्ही होतं. घराबाहेर यांतलं एक असलं की दुसरं नसायचं, म्हणून तिनं घराबाहेर पडणंच सोडलं.

माहेरी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. 'पोटाचं ऑपरेशन झालं, गाठ काढली' एवढंच सांगितलेलं. दोन वर्षांत तिनं माहेरची लग्नं, वास्तुशांती, यात्रा सगळ्याला नाही म्हटलं आणि दरवेळी बिल माझ्यावर फाडलं: 'ह्यांना बरं नाही.' कंग्राळीत माझी प्रकृती फार नाजूक समजली जाते.

मग तिच्या भावाचा, परशराम अण्णांचा फोन आला. त्यांच्या मुलाला, संदीपला, मुलगी झाली होती.

"पोरीला आत्या न्हाई, शाले. संदीपला भन कुठाय? मग संदीपची आत्या तीच तिची आत्या. बारशाला नाव तूच ठेवायचंस. दाजीस्नी बरं न्हाई म्हनून सांगू नगंस. न्हाईतर मी येऊन खांद्यावर टाकून नेतो त्यास्नी."

तिनं फोन ठेवला. मग म्हणाली, "गाडीचं काम कुठवर आलंय?"

कोगनोळीच्या अलीकडं आणि पलीकडं

पुण्यातून टाकी काठोकाठ भरून निघालो. साताऱ्यापासून मागच्या गाड्या दिवे मिचकावू लागल्या. एक ट्रकवाला शेजारी येऊन हात हलवून गेला, एका कारमधल्या सगळ्या कुटुंबानं काच खाली करून काहीतरी ओरडून सांगितलं. मीही सगळ्यांना हात हलवला. आपल्या हातच्या कामाचं इतकं कौतुक रस्त्यावर होईल, असं वाटलं नव्हतं. कागलला चहाला थांबलो तेव्हा कळलं की टाकीच्या तळाची तोटी अर्धी उघडी राहिली होती आणि पुणे ते कागल मी महामार्गावर सडा घालत आलो होतो.

शालननं फक्त पोटावरचा पदर नीट केला. त्याचा अर्थ मला कळत होता: पुढच्या तासाभरात पाणी हवं.

कोगनोळीचा नाका ओलांडला, की महाराष्ट्र संपतो आणि कर्नाटक सुरू होतं. हे पाटीवरून कळतं, उसाला कळत नाही. तो दोन्हीकडं सारखाच डोलतो. मला मात्र ही सीमा नेहमी शालनच्या तोंडून कळते. पुण्यात 'मी येते, मी जाते' म्हणणारी ही बाई निपाणीच्या आसपास आली की 'मी येतो, मी जातो' म्हणायला लागते. तिकडच्या बायका तशाच बोलतात. "थांबा, मी विचारून येतो," म्हणून ती गाडीतून उतरली, तेव्हा मी ओळखलं, आलं माहेर.

निपाणी सोडल्यावर रस्त्याकडेला एक कौलारू घर होतं. दारात तंबाखूचा उग्र गोडसर वास होता. उंबऱ्यावर एक धिप्पाड बाई शेंगा निवडत बसली होती. सगळे तिला शेवंताआक्का म्हणतात, असं तिनंच सांगितलं. पाणी मागितलं तर पुण्यात आधी 'कोण हवंय?' विचारतात. इथं आक्कांनी तांब्या, गुळाचा खडा आणि मूठभर शेंगा पुढं ठेवल्या आणि मग गाडीकडं बोट केलं.

"ते काय हाय? सर्कशीतलं काय?"

"घर आहे," मी म्हणालो. "आत झोपायला, स्वयंपाकाला जागा, नळ, सगळं आहे. फक्त पाणी भरून हवंय."

"सगळं हाय, फकस्त पानी न्हाई!" आक्कांनी अंगणातला नळ सोडून दिला. "भरा बापडे. पानी दिल्यानं काय कमी हुतंय?"

गाडीच्या कुशीला टाकीत पाणी भरायचं तोंड आहे. आक्कांच्या नळाला माझी नळी बसेना, म्हणून वर फडकं गुंडाळलं. टाकीच्या तोंडाशीही सांडू नये म्हणून नळीभोवती फडकं कोंबलं. नळ पूर्ण सोडला. टाकीनं थोडं पाणी घेतलं, गुरगुरली आणि घेतलेलं सगळं माझ्या तोंडावर फेकलं. पुन्हा नळी लावली, पुन्हा तेच. आक्का शेंगा निवडायच्या थांबल्या. शेजारच्या घरातून दोन माणसं येऊन कट्ट्यावर बसली, एखाद्या खेळाला बसावीत तशी.

तिसऱ्यांदा न्हायल्यावर मला आठवलं, की टाकीतली हवा बाहेर जायला मी वर एक बारीक नळी काढली होती, आणि प्रवासात धूळ जाऊ नये म्हणून निघताना स्वतःच तिला रबरी बूच मारलं होतं. आतला वारा जाणार कुठून? बूच काढलं. टाकीनं सुस्कारा सोडला आणि मुकाट भरू लागली. कट्ट्यावरची माणसं निराश होऊन उठून गेली.

शालन आत जाऊन, दार लावून, आपलं आटोपून आली. मग आक्कांना आत बघायचंच होतं. त्यांनी नळ सोडला, हातावर पाणी घेतलं आणि खो खो हसल्या. "माज्याच घरचं पानी, माज्याच हातावर, आनि गाडीतनं!" मग शालनला विचारलं, "माहेराला चाललीस न्हवं? मग हे बिऱ्हाड कशाला?"

शालन पटकन म्हणाली, "ह्यांना दुसऱ्याच्या घरचं पाणी चालत नाही."

आक्कांनी माझ्याकडं, ठिबकणाऱ्या माझ्या सदऱ्याकडं आणि त्यांच्याच पाण्यानं भरलेल्या टाकीकडं आळीपाळीनं बघितलं. मला जाताना 'पुन्हा या' म्हटलं नाही.

शहापूर

रात्र वाटेत गाडीतच काढून दुसऱ्या दिवशी सकाळी बेळगावात शिरलो. बाळाच्या आईसाठी शहापुरातूनच साडी घ्यायची, हा शालनचा हट्ट. शहापूर ही जुनी विणकरांची पेठ. तिथल्या बोळांतून बैल वळायला जागा बघतो, तिथं माझं घर काय वळणार? गाडी मोठ्या रस्त्याला लावली आणि चालत आत गेलो.

शालननं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. बाहेर जायचं म्हणजे खायचं नाही, हे तिचं दोन वर्षांचं शास्त्र. पोटात काही नाही तर पिशवीत काही नाही. विणकराच्या घरी खाली माग खटखटत होता, वर माडीवर साड्यांच्या घड्या. त्याच्या बायकोनं बशीतून कुंदा, ही तिकडची खव्याची मिठाई, आणला. बेळगावात कुंद्याला नाही म्हणणं म्हणजे उठून जाण्यासारखंच. शालननं बशी हातात घेतली, वास घेतला, आणि विणकराच्या बायकोचं लक्ष नाही असं बघून मी शालनचा कुंदा खाल्ला. नवऱ्याची कर्तव्यं कधीकधी गोडही असतात.

ती साड्यांत रमली. एकीचा पदर उलटा करून मागची वीण बघायची, दुसरीचा काठ अंगठ्यानं चोळून बघायचा. दोन वर्षांत ती इतकी स्वतःला विसरलेली मी पाहिली नव्हती. 'तो मोरपंखी दाखवा', 'त्यात डाळिंबी आहे का' असं चाललं असताना तिचा हात एकदम पोटावर गेला.

"चला," ती म्हणाली. हातातली साडी तीच पसंत, असं सांगून, पैसे देऊन आम्ही जवळजवळ पळतच बोळातून बाहेर आलो.

गाडीपाशी पोलीस उभा होता. त्यानं आधी कानडीत आणि मग माझा चेहरा बघून मराठीत विचारलं, "आत काय मिळतंय?"

"काही मिळत नाही."

"मग हे काय हाय? वडापाव? आंबोळी?"

तोवर शालन आत शिरून दार लावून मोकळी झाली. आतून पंपाची घरघर आणि पाणी पडल्याचा आवाज येऊ लागला. पोलिसानं कान दिला.

"भांडी धुताय व्हय?"

"होय," मी म्हणालो.

"मग आदी सांगायचं. हितं गाडा लावायचा न्हाई." इतक्यात दोन कॉलेजची पोरं मागं येऊन उभी राहिली. त्यांना पोलिसानंच सांगितलं, "बंद हाय वं, भांडी धुवाय लागल्यात." शालन बाहेर आली ती निवांत चेहऱ्यानं. साहेबांना नमस्कार करून आम्ही आमचं न उघडलेलं हॉटेल पुढं नेलं.

कंग्राळी

शहराचं टोक संपलं, की कंग्राळी. तांबडी माती, भात कापून गेलेली मोकळी शेतं, बांधावर रताळ्यांची पोती. अण्णांचं घर गावाच्या कडेला, पुढं मोठं अंगण. अण्णा शेतकरी, पण जन्मभर बेळगावातल्या एका फौंड्रीतही नोकरी केली. तिथं पंपांच्या बॉड्या ओतायचे. त्यामुळं पंप या विषयावर त्यांच्यापुढं जपून बोलावं लागतं. मी जपून बोललो नाही. नळ, पंप, टाकी सगळं त्यांना दाखवलं.

अण्णांनी पंप चालू करून ऐकला. "पंप म्हंता ह्येला, दाजी? ह्यो डास बोंबलतोय."

इथवर सगळं हसतखेळत होतं. रात्री झोपायचं आम्ही गाडीत, असं कळल्यावर अण्णांचं तोंड उतरलं.

"का? माझं घर काय जळालंय?"

"तसं नाही अण्णा, ह्यांना सवय—" शालननं सुरुवात केली.

"ह्यास्नी, ह्यास्नी! दोन वर्सं ह्यास्नीच ऐकतोय. शाले, तुजी खोली झाडून ठेवलीया. नवी गादी भरून आनलीया. आनि तू दारातल्या गाडीत निजनार? गाव काय म्हनंल? भावानं घरात घितली न्हाई म्हनंल."

सुमनवैनी, अण्णांची बायको, भाकरी थापता थापता थांबून हे ऐकत होत्या. मी खाली बघत राहिलो. पुणेरी जावई म्हणून माझी जेवढी अब्रू शिल्लक होती, ती त्या अंगणात गेली. शालन माझ्याकडं बघत नव्हती. खरं सांगायला तिला काय आड येत होतं? पूर्वी ती माहेरी आली की पहिल्या दिवशी कमरेला पदर खोचून चुलीपुढं बसायची. गावातल्या बायका तिच्या हातचं वांगं खायला यायच्या. आता 'पोटावर पिशवी आहे' म्हटल्यावर त्या पंगतीत आपल्या हातचं कोण खाईल, असं तिला वाटे. कुणी काही बोलणार नाही, ताट मात्र हळूच बाजूला सरकवलं जाईल. हे ती मला एकदाच बोलली होती. म्हणून मी नळ बसवला होता.

जेवायला भाकरी, वांगं, शेंगांची चटणी, ताकातली मिरची. शालननं चतकोर भाकरी खाल्ली. वैनी म्हणाल्या, "वन्स, पुन्यात जेवत न्हाईत काय?" आणि आम्ही गाडीत निजायला गेलो.

बारसं

सकाळी मोठी थंडी होती. अंगणात मांडव, आत पाळणा सजवणं चाललं होतं. पाव्हण्या बायका जमायला सुरुवात झाली होती. शालनला आज पिशवी पूर्ण बदलायची होती, म्हणजे जुनी काढायची, भोवतीची कातडी साध्या पाण्यानं धुवायची, कोरडी करायची आणि नवी चिकटवायची. टाकीत पाणी कमी उरलं होतं. मी नळी घेऊन बाहेर आलो.

अण्णा रात्रीचा राग झोपेत विसरून आले होते. चूक भरून काढायची म्हणून म्हणाले, "टाकी भरत कशाला बसताय? डायरेक लाईन देतो की. मोटर हाय."

माझ्या गाडीला दोन तोंडं आहेत. एक टाकी भरायचं, दुसरं थेट नळाला जोडायचं. दुसरं जोडलं, की पंप लागत नाही, बाहेरचाच जोर नळाला येतो. त्या तोंडावर जोर कमी करणारा वाल्व लावायचा असतो. मी लावला नव्हता. मी ते जोडून बघितलं होतं आमच्या सोसायटीच्या नळावर, आणि आमच्या सोसायटीत पाणी येतं ते उपकार केल्यासारखं. त्याला आणखी कमी काय करायचं? आणि अण्णांना एवढा आग्रह होता, आदल्या दिवशीची नाराजी अशी सहज मिटत होती. मी नळी जोडली. "चालू करा," म्हणालो.

अण्णांनी बोअरची मोटर चालू केली.

आधी आतून शालनचा आवाज आला, "आलं हो पाणी." मग काहीतरी फाट्दिशी उडाल्यासारखं झालं आणि तिची किंचाळी. दाराच्या फटीतून पाणी वाहू लागलं. बेसिनखालचा जोड सुटला होता आणि बोअरचं थंड पाणी कारंज्यासारखं आत उडत होतं. "बंद करा, बंद करा!" मी ओरडलो. मोटरचं बटन घरात. अण्णा धावले, पायातली चप्पल गेली, मांडवाच्या दोरीत अडखळले. बटन बंद होईपर्यंत आतल्या गाद्या, पांघरुणं, कपडे सगळं भिजलं, दिवाही गेला.

अण्णा पाना घेऊन परत आले आणि सरळ दाराकडं निघाले. मी आडवा आलो.

"सरका दाजी. जोड बसवून देतो."

"नको अण्णा. ती आत आहे."

"हाय तर हाय. भनच हाय माजी! आत बुडंल ती!"

"तिला आत राहू द्या."

"शाले, कडी काड!" अण्णांनी दारावर थाप मारली. कडी निघाली नाही. मांडवातल्या बायका हळूहळू गाडीभोवती जमल्या. अण्णांचा आवाज चढला. "दोन वर्सं भनीला आडवून ठेवलासा. आता माज्याच अंगनात, माज्याच भनीच्या दारात मला आडवताय? काय केलं मी तुमचं?"

मला त्या क्षणी जोडही दिसत नव्हता आणि वाल्वही. दाराआड ती ओली, थंडीनं काकडलेली, उघड्या पोटानं बसलेली दिसत होती. ओल्या कातडीवर पिशवी चिकटत नाही. एकही टॉवेल कोरडा राहिला नसणार. आणि बाहेर अर्धं गाव.

मग दारामागून तिचा आवाज आला. अगदी शांत.

"वैनीला तेवढं आत पाठवा."

सुमनवैनी गर्दीतून आल्या. कडी उघडली, त्या आत गेल्या, कडी लागली. आम्ही सगळे बाहेर. अण्णा हातात पाना धरून माझ्यासमोर उभे, मी त्यांच्यासमोर. पाणी पायरीवरून ठिबकत होतं. आतून बोलणं ऐकू येत नव्हतं. मग शालनचं रडणं ऐकू आलं, आणि मग तेही थांबलं.

वैनी बाहेर आल्या त्या डोळे पुसत नव्हत्या, हुकूम देत होत्या. "संदीप, न्हाणीत गरम पान्याचा हंडा ठेव. कपाटातलं माजं जुनं लुगडं आन, मऊ झालेलं. आनि तुमी काय बगताय गं? पाळन्याची फुलं कोन बांदनार?" बायका पांगल्या. माझ्याजवळून जाताना वैनी थांबल्या. "दाजी, येडी हाय तुमची बायको," म्हणाल्या. "आनि तुमी बी."

नंतर शालननं मला सांगितलं, की वैनी आत आल्या, त्यांनी बघितलं आणि पहिलं काय विचारलं तर "दुखतंय काय गं?" दोन वर्षं तिनं जे उत्तर तयार ठेवलं होतं, ते या प्रश्नाचं नव्हतं. वैनींनी तिला लुगड्यात गुंडाळून, घराच्या मागच्या दारानं न्हाणीत नेलं. पिशव्यांचा डबा वरच्या फळीवर होता म्हणून कोरडा राहिला होता. कातडी कशी पुसायची, पिशवी कशी दाबून धरायची, हे शालननं सांगितलं आणि वैनींनी केलं. तेवढा वेळ कुणालाही न्हाणीकडं फिरकू दिलं नाही.

बाळाचं नाव आईबापांनी मोबाइलवर शोधून आधीच ठरवलं होतं: समायरा. अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. अण्णांना आपल्या आईचं, तुळसाचं नाव हवं होतं. ते कालपासून 'सम्मैरा, सम्मैरा' म्हणून बघत होते आणि दरवेळी दाढ दुखल्यासारखं तोंड करत होते.

दुपारी पाळण्याभोवती बायकांची गर्दी झाली. आम्ही पुरुष दारात. शालन वैनींच्या साडीत, तिच्या सगळ्या भिजलेल्या. बाळाला पाळण्याखालून वरून घेणं-देणं झालं. मग ते शालनच्या हातात दिलं. ती बाळाच्या कानाशी वाकली. नाव ऐकायला सगळ्या बायका गप्प झाल्या. इतकं गप्प, की पंख्याचा आवाज यायला लागला. शालननं बाळाच्या कानात 'कुर्र' केलं, नाव सांगितलं, आणि त्याच वेळी त्या शांततेत पदराखालून लांबलचक, स्पष्ट आवाज झाला.

शालनचा चेहरा पांढरा पडला. मी दाराची चौकट धरली.

सुमनवैनींनी कमरेवर हात ठेवले आणि पाळण्याकडं बघून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अगं बाई! आज्यासारखंच नातीला पन नाव पटंना वाटतं!"

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग एक बाई फुटली, मग दुसरी, आणि सगळी खोली हसायला लागली. "तुळसाच म्हना गं तिला!" कुणीतरी ओरडलं. अण्णा दारात माझ्या शेजारी उभे होते, ते सगळ्यांत मोठ्यानं हसले. त्यांना वाटलं, नातीनं आपली बाजू घेतली. बाळ काही न कळून डोळे मिचकावत होतं. शालननं आधी वैनींकडं बघितलं. मग ती हसायला लागली. हसता हसता तिला बाळ सांभाळवेना, ते वैनींनी घेतलं, आणि ती पाळण्याची दोरी धरून खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली.

तिनं त्या दिवशी पंगतीला वाढलं. दोनदा जेवली.

परत

दुसऱ्या दिवशी मी आणि अण्णा गाडीत, बेसिनखाली. अण्णांनी जोड नवा आणला होता, वाल्वही. शालन कट्ट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिनं तिथूनच, शेंगा फोडता फोडता, भावाला सगळं सांगितलं. मी पाना घट्ट धरून पडून राहिलो.

अण्णा गाडीतून उतरले. हात पुसले. मी वाट बघत होतो की आता ते रडतील किंवा रागावतील. ते सरळ तिच्या खोलीत गेले आणि भिंतीवर टकटक करून बघू लागले. मग आतून हाक आली.

"दाजी! तुमच्या गाडीतला नळ जमिनीपास्नं किती उंच घेतलासा?"

मी टेप घेऊन गेलो. गाडीत निजण्याचा विषय मग कुणी काढला नाही. संध्याकाळी गवंडी येऊन भिंत बघून गेला.

निघायच्या दिवशी मी अंथरुणं वाळवून, घड्या घालून, पाणी भरून तयार होतो. अण्णांनी टाकी स्वतः भरली होती, बोअरच्या नव्हे, विहिरीच्या पाण्यानं. 'आमच्या हिरीचं पानी पुन्यात कुठलं मिळतंय?' शालन पायरीपर्यंत आली, पण तिच्या हातात कपड्यांची बॅग नव्हती.

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली. "मी राहतो थोडे दिवस. वैनी एकटीनं कुठंवर करंल?"

मी काही बोलायच्या आत वैनींनी आतून बाळ रडतंय म्हणून हाक मारली आणि ती गेलीसुद्धा.

वंटमुरीच्या घाटात दर वळणाला मागं टाकीतलं पाणी डुचमळत होतं. संकेश्वरच्या पुढं मी गाडी कडेला घेतली, तोंड धुवायला आत गेलो. दिवा लागत होता. जोड कोरडा होता. नळ सोडला, आणि पाणी एकसारखं, इकडंतिकडं मुळीच न उडता, हव्या तेवढ्याच जोरानं पडू लागलं. मी ते थोडा वेळ तसंच पडू दिलं.